क्वांटम डॉटमधला स्पिन आणि तीव्र लेसर: नवख्यांसाठी पायरीपायरीने

एमएस्सीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प असो किंवा पीएचडीची सुरुवात, ‘क्वांटम डॉटमधल्या स्पिनवर लेसरचा परिणाम’ हा विषय वाट्याला आला की पहिले काही आठवडे गोंधळातच जातात. क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा काही नॅनोमीटरचा कण आणि स्पिन म्हणजे त्यात अडकवलेल्या इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकीय गुण. एक शोधनिबंध म्हणतो, तीव्र लेसरने स्पिन एका अवस्थेत नेऊन ठेवता येतो. दुसरा म्हणतो, तीव्र लेसरने तो हवा तसा फिरवता येतो. तिसऱ्यात लेसर लावल्यावर वर्णपटातली रेषाच जागची हलते. तिन्ही खरे आहेत. प्रत्येकात लेसर तीव्र आहे, पण वेगवेगळ्या गोष्टीच्या तुलनेत. ती तुलना कागदावर मांडायची सवय लागली की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. खालच्या पायऱ्या त्यासाठीच या क्रमाने लावल्या आहेत.

हाताशी काय हवं

- पदवीच्या पातळीचं क्वांटम यांत्रिकी: दोन पातळ्यांची प्रणाली, डेन्सिटी मॅट्रिक्स, पाउली मॅट्रिक्स. लिंडब्लाड समीकरण (क्षय होणाऱ्या क्वांटम प्रणालीचं समीकरण) नुसतं ऐकलेलं असलं तरी चालेल.
- पायथॉन आणि त्यातली क्यूटिप ही मोफत लायब्ररी. साधा लॅपटॉप पुरतो.
- प्रयोग करणार असाल तर नमुन्याचा वाढीचा तक्ता, म्हणजे कोणता थर किती नॅनोमीटरचा आणि गेट (व्होल्टेज लावायचा थर) कुठे आहे ते. हा कागद मागून घ्या. तो पाहिल्याशिवाय व्होल्टेज लावू नका.
- लेसर सुरक्षेचं प्रशिक्षण आणि तुमच्या तरंगलांबीचा चष्मा. ९५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. डॉटवर नॅनोवॅटच पोचत असले तरी टेबलावरच्या टायटेनियम-सफायर लेसरमधून शेकडो मिलिवॅट निघतात.
- एक वही, फक्त चिन्हांसाठी. कोणत्या निबंधात ओमेगा म्हणजे काय, गॅमा म्हणजे काय, ते त्यात लिहा.

१. डॉट कोणता, ते आधी ठरवा

२०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉटसाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना मिळालं. त्यातले कलिल डॉट द्रावणात तयार होतात आणि टीव्हीच्या पडद्यांतही वापरले जातात. एकेका स्पिनवर तीव्र लेसर टाकण्याचे इथे सांगितलेले प्रयोग मात्र मुख्यतः दुसऱ्या जातीच्या डॉटवर झाले: गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात आपोआप तयार होणारी इंडियम गॅलियम आर्सेनाइडची बेटं. ती एमबीई (मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी) पद्धतीने, म्हणजे निर्वातात अणूंचे झोत सोडून थरावर थर चढवत वाढवतात. मुंबईच्या आयआयटीतही या कुळातले डॉट वाढवले जातात. असा डॉट साधारण २० ते ३० नॅनोमीटर रुंद आणि काही नॅनोमीटर उंच असतो, आणि त्यात १० हजार ते १ लाख अणू असतात. तो ९०० ते ९८० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतो आणि त्याला सुमारे ४ केल्विनपर्यंत थंड करावं लागतं.

नेटवर शोधताना कलिल डॉटचे निबंध मध्येच येतात आणि त्यांतले आकडे इथे लागू पडत नाहीत. निबंध वाचायला घेतला की आधी पदार्थ, तरंगलांबी आणि तापमान पाहा.

२. चार पातळ्यांची आकृती स्वतः काढा

या पायरीवर वेळ घालवा, पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

डॉटमध्ये एकच इलेक्ट्रॉन ठेवला आहे असं धरा. डायोडसारख्या रचनेत गेटचं व्होल्टेज बदलून हे करता येतं. एक इलेक्ट्रॉन आत असला की दुसऱ्याला आत यायला जास्त ऊर्जा लागते, म्हणून व्होल्टेजच्या एका पट्ट्यात डॉटमध्ये बरोबर एकच इलेक्ट्रॉन राहतो. त्याच्या स्पिनच्या दोन अवस्था म्हणजे खालच्या दोन पातळ्या. लेसरने एक इलेक्ट्रॉन-होल जोडी (होल म्हणजे वर उचललेल्या इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) तयार केली की आत दोन इलेक्ट्रॉन आणि एक होल होतात. हा ट्रायॉन. दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकमेकांना रद्द करतात आणि उरतो होलचा स्पिन. त्याच्याही दोन अवस्था, म्हणजे वरच्या दोन पातळ्या.

आता चुंबकीय क्षेत्राची दिशा ठरवा. चित्र दोन प्रकारचं होतं.

फॅराडे मांडणीत क्षेत्र डॉटच्या वाढीच्या दिशेने, म्हणजे प्रकाशाच्या दिशेनेच असतं. खालच्या पातळीवरून वर जाण्याच्या मार्गांना संक्रमणं म्हणतात. आकृतीतली दोन सरळ उभी संक्रमणं चालतात, दोन्ही वर्तुळाकार ध्रुवीकरणाची. तिरकी संक्रमणं जवळजवळ बंद असतात. पूर्ण बंद नसतात, कारण जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या होलांची थोडी सरमिसळ असते आणि अणुकेंद्रांचं क्षेत्रही स्पिनला किंचित वाकवतं.

व्हॉइट मांडणीत क्षेत्र प्रकाशाला लंब असतं. चारही संक्रमणं चालतात, सारख्याच ताकदीची आणि रेषीय ध्रुवीकरणाची. दोन सरळ संक्रमणांचं ध्रुवीकरण एक, दोन तिरक्यांचं त्याला लंब. वरच्या कोणत्याही पातळीवरून खालच्या दोन्ही पातळ्यांकडे उतरण्याची शक्यता सारखीच असते.

दोन्ही आकृत्या पुस्तकात न पाहता काढता येईपर्यंत पुढे जाऊ नका. शोधनिबंधांतले बरेच वरवरचे विरोधाभास ‘तो निबंध फॅराडेचा होता आणि हा व्हॉइटचा’ एवढ्यानेच सुटतात.

३. दर एका पानावर लिहा

लेसर तीव्र आहे का, हे वॅटवरून कळत नाही. साध्या नमुन्यात, पोकळी (प्रकाश कोंडून ठेवणारी आरशांची रचना) नसताना, काही नॅनोवॅट ते काही दशक नॅनोवॅट एवढ्यातच डॉट संपृक्त होतो. म्हणून सगळं वारंवारतेच्या एकाच एककात लिहा. माझ्या मते गिगाहर्ट्झ सर्वांत सोयीचं.

- ट्रायॉनचा क्षयदर, गॅमा. आयुष्य ०.८ नॅनोसेकंद धरलं तर गॅमा भागिले दोन पाय (२π) म्हणजे सुमारे ०.२ गिगाहर्ट्झ.
- रॅबी वारंवारता, ओमेगा. लेसर डॉटला किती जोराने वर-खाली करतो त्याचं माप. ती पॉवरच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. पॉवर चौपट केली तर ओमेगा दुप्पट.
- झीमन अंतर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे दोन स्पिन अवस्थांच्या ऊर्जेत पडणारा फरक. तो किती पडतो हे ठरवणारा इलेक्ट्रॉनचा जी-गुणांक ०.५ धरला तर १ टेस्लाला सुमारे ७ गिगाहर्ट्झ, म्हणजे स्पिनचा एक फेरा सुमारे १४३ पिकोसेकंदांचा.
- अणुकेंद्रांच्या क्षेत्राची चंचलता. गॅलियम आणि आर्सेनिकच्या केंद्रांचा स्पिन ३/२ आणि इंडियमचा ९/२. हजारो केंद्रं मिळून १० ते ३० मिलिटेस्लाचं अनिश्चित क्षेत्र तयार करतात. स्पिनच्या भाषेत ते ०.१ ते ०.२ गिगाहर्ट्झ.
- डिट्यूनिंग, म्हणजे लेसर रेषेपासून किती दूर आहे. शून्यापासून शेकडो गिगाहर्ट्झपर्यंत काहीही.

पहिली आणि चौथी ओळ जवळजवळ सारखी आहे, हे लक्षात घ्या. डॉट एकदा प्रकाश देतो तेवढ्या वेळात अणुकेंद्रं स्पिनची दिशा विस्कटून टाकू शकतात. अणुकेंद्रांचा विचार नंतर करू, असं म्हणून चालत नाही ते यामुळेच.

आता तुलना करा. ओमेगा गॅमापेक्षा मोठी झाली की संक्रमणाच्या दृष्टीने लेसर तीव्र. ओमेगा झीमन अंतराच्या जवळ गेली की तो एकाच संक्रमणापुरता राहत नाही, शेजारच्या संक्रमणांनाही हलवू लागतो. आणि डिट्यूनिंग या सगळ्यांहून फार मोठं असेल, तर तोच लेसर ट्रायॉन जवळजवळ न बनवता फक्त पातळ्या सरकवतो. हाती आलेला निबंध या तिघांपैकी कोणत्या खणात बसतो ते त्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

४. आधी संगणकावर दोनच पातळ्या

थेट चार पातळ्यांवर उडी मारू नका. एक खालची, एक वरची, लेसर बरोबर रेषेवर. ओमेगा वाढवत न्या आणि निघणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट काढा. ओमेगा गॅमापेक्षा बरीच मोठी झाली की एका शिखराची तीन होतात. १९६९ मध्ये मॉलो यांनी याचं गणित मांडलं, म्हणून याला मॉलो ट्रिप्लेट म्हणतात. क्वांटम डॉटमध्ये ते २००७ पासून दिसू लागलं.

तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे तपासायला याहून चांगली कसोटी नाही. बाजूची शिखरं मधल्यापासून बरोबर ओमेगा अंतरावर हवीत. मधल्याची पूर्ण रुंदी गॅमा, बाजूच्यांची दीडपट. उंची १:३:१ आणि क्षेत्रफळ १:२:१. यातला एक आकडा जरी चुकला तरी थांबा आणि हे तपासा:

- हॅमिल्टोनियनमध्ये ओमेगाला दोनाने भागलं आहे का? काही लेखक भागतात, काही नाही.
- गिगाहर्ट्झमधल्या आकड्याला दोन पायने गुणलं का?
- क्यूटिपला क्षयाचा ऑपरेटर देताना गॅमाचं वर्गमूळ लागतं, गॅमा नाही.
- निबंधातली रुंदी पूर्ण आहे की अर्धी?

हे जमल्यावर चार पातळ्या घ्या. एकच लेसर असेल तर लेसरबरोबर फिरणाऱ्या चौकटीत हॅमिल्टोनियनमधून काळ नाहीसा होतो आणि गणित सोपं राहतं. दोन लेसर असले आणि दोन्ही चारही संक्रमणांना स्पर्श करत असले, तर तसं होत नाही. तिथे काळावर अवलंबून असलेलं हॅमिल्टोनियनच ठेवावं लागतं. जबरदस्तीने काळ काढून टाकलेले प्रोग्रॅम छान गुळगुळीत आलेख देतात आणि ते चूक असतात.

अणुकेंद्रांसाठी क्षेत्राच्या काहीशे यादृच्छिक किमती गाउसियन वितरणातून काढा, प्रत्येकीसाठी उत्तर काढा, मग सरासरी घ्या. त्याऐवजी लिंडब्लाडमध्ये डीफेझिंगची (कला, म्हणजे फेज, विस्कटण्याची) एक संज्ञा घालणं सोपं वाटतं, पण मग क्षय घातांकी येतो. खरा गाउसियन असतो, कारण अणुकेंद्रं स्पिनच्या मानाने फार संथ आहेत.

५. रेषेवरचा लेसर: सिग्नल गेला तर घाबरू नका

चार पातळ्यांमध्ये लेसर एकाच संक्रमणावर ठेवला की स्पिन कधी ना कधी दुसऱ्या खालच्या पातळीवर उतरतो. तिथून त्याला उचलायला लेसर नाही, म्हणून तो तिथेच राहतो आणि प्रकाश थांबतो. याला ऑप्टिकल पंपिंग म्हणतात. २००६ मध्ये झुरिकच्या ईटीएचमध्ये फॅराडे मांडणीत या मार्गाने ९९ टक्क्यांहून जास्त खात्रीने स्पिन एका अवस्थेत आणला गेला. फॅराडेमध्ये तिरका मार्ग अरुंद, म्हणून पंपिंग संथ. व्हॉइटमध्ये ते काही नॅनोसेकंदांत होतं.

इथे ‘लेसर वाढवला की पंपिंग वेगाने होईल’ असं सगळ्यांनाच वाटतं. एका मर्यादेपर्यंतच ते खरं आहे. लेसर कितीही वाढवला तरी ट्रायॉन सरासरी अर्धाच वेळ असतो, आणि व्हॉइटमध्ये तो उतरतो तेव्हा दुसऱ्या पातळीवर जाण्याची शक्यता अर्धी. म्हणून पंपिंगचा कमाल दर गॅमाचा चौथा भाग, म्हणजे वरच्या आकड्यांनी सुमारे ३.२ नॅनोसेकंद. त्यापुढे पॉवर वाढवून वेग मिळत नाही. उलट ओमेगा झीमन अंतराच्या जवळ गेल्यावर लेसर दुसऱ्या स्पिनलाही उचलू लागतो आणि तयार केलेली अवस्था बिघडते. वेग हवा असेल तर गॅमा वाढवणारी पोकळी लागते, आणि शुद्धता हवी असेल तर चुंबकीय क्षेत्र वाढवावं लागतं.

सतत प्रकाश हवा असेल तर दोन मार्ग आहेत. दुसऱ्या संक्रमणावर दुसरा लेसर ठेवा, किंवा गेटचं व्होल्टेज पट्ट्याच्या कडेला न्या. कडेला डॉटमधला इलेक्ट्रॉन शेजारच्या थरातल्या इलेक्ट्रॉनांशी अदलाबदल करत राहतो, स्पिन पुन्हा पुन्हा विस्कटतो आणि रेषा उजळते. पट्ट्याच्या मध्यावर अंधार आणि दोन्ही कडांना प्रकाश असं दिसलं, तर नमुना खराब नाही. पंपिंग होत असल्याची तीच खूण आहे.

६. दूरचा लेसर: स्पिन फिरवायचा तर

या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हा. लेसर रेषेपासून शेकडो गिगाहर्ट्झ दूर ठेवा आणि तीव्रता खूप वाढवा. ट्रायॉन क्वचितच बनतो, पण पातळ्या ओमेगाच्या वर्गाला डिट्यूनिंगच्या चौपटीने भागल्यावर येईल तेवढ्या सरकतात. वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा लेसर एकाच स्पिनला सरकवतो. दोन स्पिन अवस्थांमध्ये असा फरक पडला की स्पिन प्रकाशाच्या अक्षाभोवती फिरतो.

व्हॉइटमध्ये याचा उपयोग असा: चुंबकीय क्षेत्र स्पिनला एका अक्षाभोवती फिरवत असतं आणि लेसरचा छोटा पल्स दुसऱ्या. दोन अक्ष मिळाले की स्पिन कुठेही नेता येतो. २००८ मध्ये स्टॅनफर्डला काही पिकोसेकंदांच्या पल्सनी एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर हे पूर्ण नियंत्रण दाखवलं गेलं. पल्स स्पिनच्या फेऱ्यापेक्षा फार लहान असल्यामुळेच हे साधतं.

दूर जाण्याचा फायदा किती? सरकण्याच्या तुलनेत नको असलेलं विकिरण गॅमा भागिले डिट्यूनिंग एवढं असतं. २०० गिगाहर्ट्झ दूर गेलात तर हे प्रमाण हजारात एक. अर्धा फेरा पूर्ण करताना ते हजारात तीन-चारपर्यंत जातं. प्रत्यक्षात नुकसान याहून जास्त होतं, कारण तीव्र लेसर आजूबाजूच्या स्फटिकातही भार हलवतो.

लेसर रेषेच्या लाल बाजूलाच, म्हणजे कमी वारंवारतेकडे ठेवा. निळ्या बाजूला १ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सुमारे २४० गिगाहर्ट्झ एवढ्या अंतरावर डॉट फोनॉन (स्फटिकाच्या कंपनाचा क्वांटम) सोडून ट्रायॉनमध्ये जाऊ शकतो, अगदी ४ केल्विनलाही.

७. अणुकेंद्रं लेसरच्या मागे येतात

लेसर हळूहळू रेषेवरून नेताना शिखर लॉरेंट्झियन (नेहमीचं टोकदार, दोन्ही बाजूंना हळूहळू उतरणारं) न येता सपाट माथ्याचं आणि धारदार कडांचं आलं, तर मापनयंत्राला दोष देण्याआधी उलट्या दिशेने स्कॅन करा. दोन्ही स्कॅन वेगळे आले तर अणुकेंद्रं काम करताहेत. लेसर स्पिनमार्फत अणुकेंद्रांचं ध्रुवीकरण बदलतो, त्यांचं क्षेत्र रेषा सरकवतं, आणि रेषा लेसरला चिकटून त्याच्याबरोबर ओढली जाते. २००९ मध्ये झुरिकच्या गटाने दोन्ही दिशांना होणारं हे ड्रॅगिंग सविस्तर मांडलं.

म्हणून चुंबकीय क्षेत्र चालू असताना प्रत्येक स्कॅन दोन्ही दिशांनी करा, आणि स्कॅनचा वेग वहीत लिहा. वेग न लिहिलेलं मापन पुन्हा जुळवता येत नाही.

याच अणुकेंद्रांमुळे मोकळ्या स्पिनची कला (फेज) १ ते २ नॅनोसेकंदांत विस्कटते. मध्ये एक उलटा पल्स दिला, म्हणजे स्पिन एको केला, की संथ भाग रद्द होतो. २०१० मध्ये या मार्गाने २.६ मायक्रोसेकंद मिळाले.

८. टेबलावर गेल्यावर

खरी अडचण लेसर लपवण्याची असते. डॉटचा प्रकाश आणि लेसर एकाच रंगाचे, म्हणून फिल्टर उपयोगाचा नाही. लेसर एका ध्रुवीकरणाने पाठवायचा आणि त्याला लंब ध्रुवीकरणात मोजायचं. नीट जुळवलं तर लेसर १ कोटी पटीने दाबता येतो. व्हॉइटमध्ये लेसर डॉटच्या अक्षांना ४५ अंशांवर ठेवा. एका अक्षाला समांतर ठेवलात तर त्या ध्रुवीकरणाचा प्रकाश लेसरबरोबरच अडवला जाईल आणि निम्मी संक्रमणं गायब वाटतील.

मॉलो ट्रिप्लेट साध्या ग्रेटिंग स्पेक्ट्रोमीटरवर शोधू नका. ओमेगा १ गिगाहर्ट्झ असेल तर तिन्ही शिखरं मिळून २ गिगाहर्ट्झमध्ये मावतात आणि तिथे एकच जाड रेषा दिसते. फॅब्री-पेरो (समोरासमोर दोन आरसे असलेला, अगदी अरुंद पट्टाच सोडणारा फिल्टर) वापरा. त्याच्या पट्ट्याची रुंदी गॅमापेक्षा कमी आणि लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर पूर्ण ट्रिप्लेटपेक्षा जास्त हवं.

पहिलं मापन शून्य क्षेत्रात, एका इलेक्ट्रॉनच्या पट्ट्याच्या कडेला घ्या. लेसर रेषेवर ठेवून पॉवर कमीपासून वाढवत न्या आणि बाजूच्या शिखरांचं अंतर पॉवरच्या वर्गमूळासमोर काढा. सरळ रेषा यायला हवी. तिच्या उतारावरून डॉटवरची खरी ओमेगा कळते. लेन्सपाशी मोजलेल्या पॉवरवरून ती काढू नका. गॅलियम आर्सेनाइडचा अपवर्तनांक सुमारे ३.५ आहे, त्यामुळे आत किती पोचतं ते डॉटगणिक बदलतं. जास्त पॉवरला बाजूची शिखरं दीडपटीपेक्षा रुंद होऊ लागली तर ते फोनॉनांमुळे असू शकतं. तो वाटा ओमेगाच्या वर्गाबरोबर आणि तापमानाबरोबर वाढतो, म्हणून तापमान थोडं बदलून खात्री करा.

प्रत्येक वर्णपटाशेजारी गेटचं व्होल्टेज, पॉवर, तापमान, क्षेत्र, स्कॅनची दिशा आणि लेसर बंद ठेवून घेतलेली पार्श्वभूमी नोंदवा. नमुना बदलला किंवा ऑब्जेक्टिव्ह हलवलं की ओमेगाचा आलेख पुन्हा काढा, आणि तो हाती आल्यावरच चुंबक चालू करा.